पीपी ई-मेल

दुसऱ्याच्या फोनवर वर्षानुवर्षं संसार केलेल्या गावाला ई-मेल मात्र ज्याचा त्याचा वेगळा हवा, असं वाटायचं काही कारणच नव्हतं. किकवीकरांना ते वाटलंही नाही.

हायवेला लागून मुबारकचं दुकान. पुढं किराणा, कोपऱ्यात काच लावून केलेलं फोनचं बूथ. घरोघर फोन नव्हते तेव्हापासून लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरसुद्धा लोक मुबारकचा नंबर घालत आणि पुढं ‘पीपी’ लिहीत. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणूस आमचा. सांगा, बोलावून आणतील. फोन वाजला की मुबारक पायरीवर येऊन हाक मारी. ती हाक एका आळीतून दुसऱ्या आळीत जाई आणि ज्याचा फोन असेल तो धावत येईस्तोवर त्याच्यामागून निम्मी आळी येई. बोलायचं एकानं, ऐकायचं सगळ्यांनी, अशी रीत. पलीकडचा काय म्हणाला ते ऐकू येत नसे, म्हणून फोन ठेवल्यावर ते सगळ्यांना पुन्हा सांगायचं, ही दुसरी रीत. न सांगणारा माणूस शिष्ट ठरे.

दोन हजार तीन साली मुबारकनं कॉम्प्युटर घेतला. ‘आता जमाना ह्याचा आहे’ असं त्याला विकणाऱ्यानं सांगितलं होतं. स्वतः दुकानदार असून दुसऱ्या दुकानदाराच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस भोर तालुक्यात हा एकच, असं त्याची बायको रुकसाना म्हणे आणि ते त्याच्या तोंडावर म्हणे. रुकसाना भोर शहरातली. लग्नाआधी टायपिंगची परीक्षा पास झालेली. मुबारक एकेक अक्षर तांदळातला खडा शोधावा तसा शोधायचा. तेव्हा कॉम्प्युटरपुढची खुर्ची आपोआपच रुकसानाकडं आली. खुर्ची आली तसं सगळ्या गावाचं टपालही तिच्या डोळ्यांखालून जाऊ लागलं. कोण किती फुशारक्या मारतो आणि त्यातलं खरं किती, याचा हिशोब ती मनातल्या मनात बिनचूक ठेवी. शिल्लक बहुतेकांची शून्य निघे.

गावाला ई-मेल मुबारकनंच काढून दिला. एकच. फोन एक, तसा ई-मेल एक. पुढं ‘पीपी’ लावलं की झालं. मग पाटी रंगवायची म्हणून त्यानं पेंटरला एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. पेंटर इमानी माणूस. चिठ्ठीवर होतं तेवढं सगळं त्यानं पत्र्यावर उतरवलं: दुकानाचं नाव, फोन नंबर, ई-मेल, आणि त्याखाली लाल रंगात, जरा मोठ्या अक्षरात, पासवर्ड.

रुकसानानं कपाळाला हात लावला. “अहो, किल्ली दाराला टांगून ठेवत्यात का?”

“राहू दे की,” मुबारक म्हणाला. “आपुन दोघंबी नसलो तर लोकांनी काय करायचं?”

लोकांना तर ते फारच पसंत पडलं. आता भोरला इंटरनेटच्या दुकानात बसूनही किकवीचं टपाल उघडता येऊ लागलं. आलेलं प्रत्येक पत्र रुकसाना छापून काढी आणि दुकानातल्या बिलांच्या तारेला अडकवी. येता-जाता जो तो ती तार चाळी. वाचता न येणाऱ्याला बाकावरचा कोणीतरी वाचून दाखवी. बाक दुकानासमोर होता आणि त्यावर एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले कोंडिबा कायमचे बसलेले असत. आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहिल्याचं उट्टं ते आता बसून काढत होते.

एकदा एक पत्र आलं: हे अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरात वाईट बातमी येईल. ‘घरात’ म्हणजे कुणाच्या, हे पत्रात नव्हतं. ई-मेल सगळ्या गावाचा, तेव्हा वाईट बातमी कुणाच्याही घरात येऊ शकत होती. बाक चिंतेत पडला. अकरा पत्ते आणायचे कुठून? गावाला एकच पत्ता पाठ होता, तो स्वतःचा.

“मग आपल्यालाच अकरा डाव पाठवा,” कोंडिबांनी निकाल दिला.

पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा पत्रं परत दारात, आणि प्रत्येकाची मागणी पुन्हा अकरा जणांची. कोंडिबांनी बोटांवर हिशोब केला: एकशे एकवीस. मुबारक तर बाह्या सरसावून बसायला निघाला होता. रुकसानानं मागून बटण बंद केलं आणि बाहेर तोंड काढून सांगितलं, “लाइट गेली.” पंखा गरगरत होता. त्याच्याकडं कुणाचंही लक्ष गेलं नाही.

तर असं हे गाव, आणि अशा गावात ज्ञानूतात्यांच्या रत्नाचं लग्न जमवायचं चाललं होतं.

रत्ना भोरच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, ज्ञानूतात्या आणि रतनबाईंची एकुलती एक. तिला पुण्याला जाऊन लॅबचा एक वर्षाचा कोर्स करायचा होता. रक्ताच्या तपासण्या करतात तो. हे तिनं घरी दोनदा काढलं आणि दोनदा गिळलं. रुकसानाला मात्र ती येता-जाता सांगायची, साखर बांधून घेता घेता. रुकसाना “करशील गं” म्हणायची आणि पुडीला दोरा गुंडाळायची.

सासवडचा एक मुलगा येऊन रत्नाला पाहून गेला. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडच्या थोरांनी पाऊसपाणी, रस्त्यात जाणारी जमीन आणि साखर कारखाना यांवर मनसोक्त चर्चा केली. मुलानं मुलीला एकच विचारलं, “ट्रॅव्हल करून कॉलेज केलं का?” मुलगी म्हणाली, “हो, एसटीनं.” संपलं. जाताना ज्ञानूतात्यांनी बायोडेटा दिला. त्यात ई-मेलच्या रकान्यात गावाचाच पत्ता होता, पुढं ‘पीपी’. मुलगा पुण्यात राहणारा. त्याला वाटलं असेल, हे मुलीच्या नावातलंच काही असेल.

पुढच्या मंगळवारी त्याचं पत्र आलं.

“नमस्कार रत्ना,” असं सुरू होतं. “त्या दिवशी सगळे बोलले, आपणच बोललो नाही. मला जूनपासून दोन वर्षं चेन्नईला जायचं आहे. घरच्यांना लग्नाची घाई आहे, मला नाही. तुम्हाला पुढं काही शिकायचं आहे का? नोकरी करायची आहे का? नकार असेल तर तोही मोकळेपणानं लिहा, मी तुमचं नाव येऊ न देता घरी सांगेन. फक्त तुम्ही स्वतः लिहा.”

रुकसानानं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. लग्नाआधी मुबारकनं तिला विचारलेला एकमेव प्रश्न तिला आठवला: “चहात आलं घालता का?” मग तिनं नेहमीसारखं पत्र छापलं आणि तारेला अडकवलं. टपाल आलं की तारेला लागायचं, ही दुकानाची शिस्त.

शिस्तीला फळ लगेच आलं. अर्ध्या तासात बाक भरला. ज्ञानूतात्या रानातून आले ते चिखलाच्या पायांनी. पप्पूही आला. पप्पू म्हणजे गावातला इंटरनेटचा जाणकार. रोज मोटारसायकलवर भोरला जायचा, तिथं इंटरनेटच्या दुकानात बसून यायचा आणि येऊन जगाची खबर सांगायचा. काम काय करतो असं विचारलं की “सध्या बघतोय” म्हणायचा. चार वर्षं तो बघतच होता.

“पोरगं सरळ दिसत न्हाई,” कोंडिबांनी सुरुवात केली. “सरळ मानूस पोरीच्या बापाला लिवतो.”

“न्हाई हो काका,” पप्पू म्हणाला. “ही परीक्षा हाय. कंपनीवाले अशीच घेत्यात. सरळ इचारायचं आन् वाकडं बघायचं. कोडंच असतंय ते.”

“कोडं?” ज्ञानूतात्यांचा चेहरा पडला.

“मंग! शिकायचंय का असं का इचारतोय तो? तर ह्या पोरीच्या डोक्यात शिकायचं खूळ हाय का, ते बघतोय. म्हंजे उत्तर काय पायजे?”

“न्हाई म्हनायचं,” ज्ञानूतात्या म्हणाले.

“आलं ध्यानात! नोकरी करायचीय का? म्हंजे पोरगी पैशाला हपापलीय का. उत्तर?”

“न्हाई.”

“आन् नकार असंल तर लिवा, म्हंजे...”

“म्हंजे दुसरीकडं काय लफडं हाय का ते बघतोय,” कोंडिबांनी मांडीवर थाप मारली. “लई चालू हाय बेटा! पर किकवीत गाठ आपल्याशी हाय.”

रुकसानाला हसू आलं. सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर या बाकानं आजवर दिलंच नव्हतं. एसटी आली का विचारलं तरी हे आधी विचारणाऱ्याचं गाव विचारत. ती म्हणाली, “रत्नाला तरी इचारा की तात्या.”

“तिला काय इचारायचं भाबी? तिच्याच भल्याचं चाललंय न्हवं?”

मग उत्तर तयार झालं. ज्याला जे सुचेल ते तो सांगे, आणि रुकसाना मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करत जाई. एकही चूक तिनं दुरुस्त केली नाही. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. इतका चांगला तमाशा दुकानात बरेच दिवसांत झाला नव्हता.

“मी रत्ना,” पत्र म्हणत होतं. “मला शिकण्याची हौस नाही. झाले तेच जास्त झाले. नोकरीचा विचार मनाला शिवत नाही. स्वयंपाक, विणकाम व थोरांची सेवा यांची आवड आहे. आपणास क्रिकेट आवडत असल्यास मलाही आवडते. चेन्नईत आपली खोली कितव्या मजल्यावर आहे व पाण्याची सोय कशी आहे ते कळवावे. आमची जमीन हायवेलगत आहे. आपली आज्ञाधारक, रत्ना.” आज्ञाधारक हा शब्द कोंडिबांचा, रजेच्या अर्जात तो त्यांना नेहमी उपयोगी पडला होता. आणि सगळ्यात खाली, ‘ता. क.’ म्हणून, आमच्या गावचे एक होतकरू तरुण श्री. पप्पू यांच्यासाठी आपल्या कंपनीत जागा असल्यास कळवावे.

“हे नको,” ज्ञानूतात्या चाचरत म्हणाले.

“तात्या, ओळख वाढती ह्यानं,” पप्पू म्हणाला, आणि पत्र गेलं.

रत्नाला हे संध्याकाळी नळावर कळलं. घागर तिथंच ठेवून ती दुकानात आली. तारेवरून दोन्ही कागद काढले, एक आलेला, एक गेलेला. मुबारक नक्कल ठेवण्यात पक्का होता. बाकावरचे सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते, परीक्षेचा निकाल लागावा तसे. तिनं वाचलं, घडी घातली.

“भाबी, हे तुमी टाइप केलं?”

“व्हय.”

“वाचत वाचत?”

“वाचल्याबिगार टाइप कसं हुईल?”

“मंग शिकायची हौस न्हाई, हे लिवताना तुमाला काय आठवलं न्हाई?”

ती एवढंच बोलली आणि गेली. रुकसानाकडं प्रत्येकाला द्यायला काहीतरी तिखट उत्तर तयार असे. या वेळी ती तारेवरचे उरलेले कागद सारखे करत राहिली. मागून कोंडिबा म्हणाले, “पोरगी बोलती लई.” त्यावर मात्र रुकसानानं त्यांना चांगलंच सुनावलं, पण ते रत्नाला उशिरा दिलेलं उत्तर होतं, आणि भलत्याच माणसाला.

गुरुवारी सकाळी दुसरं पत्र आलं. रुकसाना एकटीच होती.

“तुमचं पत्र मिळालं. मी एका मुलीला लिहिलं होतं, उत्तर ग्रामसभेचं आलं. तुम्हाला शिकायचं नाही हे खरं असेल तर आपलं जमणार नाही. खोटं असेल तर तुमच्याबद्दल दुसरे काहीही लिहितात आणि तुम्ही लिहू देता, असं मी समजायचं का? रविवारी घरचे मला दुसरी मुलगी दाखवायला नेणार आहेत. शनिवारपर्यंत तुमचं स्वतःचं पत्र आलं तर मी जाणार नाही.”

दुकान सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच एक पत्र तारेला लागलं नाही. पण त्याचा उपयोग काय? पाटी हायवेवर होती. संध्याकाळी पप्पू भोरहून आला तो शर्टाच्या खिशात त्याच पत्राचा छापील कागद घेऊन.

“घाबरायचं कारन न्हाई,” त्यानं बाकाला सांगितलं. “कोडं जरा उलटं निघालं, एवढंच. आता समदं उलटं लिवायचं. शिकायची लई हौस हाय, नोकरी तर कवा करीन असं झालंय. पयलं पत्र धाकट्या भावानं चेष्टेनं लिवलं म्हनायचं.”

“तिला भाऊ कुठंय?” रुकसानानं विचारलं.

“लग्न झाल्याव कळलंच की त्यांना,” पप्पू म्हणाला. “आन् भाबी, ह्या डावाला तुमाला तरास न्हाई. उद्या दुपारी भोरला जाऊन म्याच पाठवतो. तुमचं टायपिंग जुन्या वळणाचं पडतंय.”

ज्ञानूतात्या मान हलवत होते. बिचाऱ्यांना मुलगा हातचा जाऊ द्यायचा नव्हता, आणि मुलगी बोलेल तर तो जाईल अशी त्यांची पक्की समजूत होती. आपल्या पोरीच्या तोंडाची भीती बाळगणाऱ्या बापाची रुकसानाला कीव आली नाही. राग आला. त्यातला थोडा स्वतःवरही होता, पण तो तिनं तूर्त बाजूला ठेवला. तिला घाई होती.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मुबारक आत आडवा झाला. पप्पूची मोटारसायकल अजून घरासमोर होती. तो केस विंचरत होता आणि त्या कामाला त्याला वेळ लागे. रुकसानानं रत्नाला बोलावून घेतलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

“बस हितं. वाच.”

रत्नानं पत्र वाचलं. तिचे कान लाल झाले.

“तुला ह्याच्याशी लग्न करायचंय का?” रुकसानानं विचारलं.

“ज्यानं इचारलं त्याला सांगीन,” रत्ना म्हणाली.

“बरं बाई. मंग नवीन ई-मेल काढू तुझा?”

“आन् पप्पू जुन्यावरनं पाठवंल त्याचं काय? त्याच्याखालीबी माझंच नाव असनार. त्यानं कुठली रत्ना खरी मानायची?”

हे बरोबर होतं. म्हणजे कुलूपच बदलायला हवं. रुकसानानं इंटरनेट लावलं. मुंडी धरलेल्या कोंबडीसारखा ओरडून मॉडेम गप्प झाला. लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा तुटली. बाहेर पप्पूची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि भोरच्या दिशेनं लांब लांब गेला. तिसऱ्या खेपेला लाइन लागली, तेवढ्यात शटरवर थाप.

“भाबी, पोराला फोन करायचाय.” कोंडिबा.

“लाइन बंद हाय.”

“मंग आतनं खडखड कशाची येती?”

“उंदराची. जावा घरी.”

कॉम्प्युटरला मात्र कसलीच घाई नव्हती. पासवर्ड बदलायचा तर त्याला एक प्रश्नही ठरवून हवा होता, ज्याचं उत्तर फक्त मालकालाच ठाऊक असेल. यादीच त्यानं पुढं टाकली. तुमची पहिली शाळा कोणती?

“गावात एकच हाय,” रत्ना म्हणाली.

आईचं माहेरचं आडनाव?

“कोंडिबाकाका झोपंत सांगतील.”

पाळलेल्या जनावराचं नाव?

“म्हस आमी पप्पूच्याच घरनं घेतलीय. नाव त्याच्या आजीनंच ठेवलंय.”

लहानपणीचा जवळचा मित्र, पहिले गुरुजी, आवडता पदार्थ. एकेक प्रश्न वाचावा आणि त्याचं उत्तर सगळ्या किकवीला पाठ असावं! ज्यानं ही यादी केली तो माणूस कुठल्या तरी अशा गावचा असणार, जिथं शेजाऱ्याला शेजाऱ्याचं जेवण ठाऊक नसतं. रुकसाना वैतागली. “अगं, ह्या गावात कुनाला ठाऊक न्हाई असं तुझं काय हाय का न्हाई? कायबी. ते घाल.”

रत्ना पडद्याकडं पाहत राहिली. बाहेरून दोन ट्रक गेले. रुकसानाला वाटलं, नसेलच काही. या पोरीला पाळण्यात घातल्यापासून आपण सगळे बघतोय, हिचं वेगळं असं असणार तरी काय? मग रत्नाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू नव्हे, पण त्याच्या जवळचं.

“हाय,” ती म्हणाली. “भाबी, तिकडं बघा.”

“कोन, म्या?”

“तुमीच.”

रुकसानाला ते लागलं. दुकान तिचं, कॉम्प्युटर तिचा, बाहेर उंदीर सांगून खोटं बोलणारी तीच. पण ती उठली आणि साखरेच्या पोत्यावर भिंतीकडं तोंड करून बसली. मागं बटणांचा आवाज सुरू झाला. आधी थोडा. मग थांबला. मग पुष्कळ वेळ, थांबत थांबत, पण न खोडता. टायपिंग शिकलेल्या माणसाला आवाजावरून खोडलेलं कळतं. वळून एक नजर टाकायची अशी ऊर्मी तिला इतकी आली की तिनं समोरच्या साबणांच्या वड्या मोजायला घेतल्या.

“गेलं,” रत्ना म्हणाली.

अंधार पडायच्या आत पप्पू परत आला, तोंड उतरवून. “पासवर्ड चुकीचा म्हनतंय. सतरा डाव टाकला.”

मुबारक बाहेर गेला, पाटी वाचून आला. “पाटीवर बरोबर हाय,” त्यानं सांगितलं.

“व्हायरस!” पप्पू म्हणाला. बाकानं तो शब्द एकमेकांत फिरवला, आणि व्हायरस चपलांतून येतो असं कुठंतरी ऐकलेल्या कोंडिबांनी पायातल्या चपला काढून लांब ठेवल्या.

“व्हायरस न्हाई,” रुकसाना म्हणाली. “बदललाय.”

“काय केला?”

“रत्नाला ठाऊक.”

“तुमाला?”

“मला न्हाई.”

मग जो गोंधळ झाला त्याला सुमार नव्हता. गावाचा ई-मेल एका पोरीच्या मुठीत! मुबारकला तर खरंच वाटेना. आपल्याच दुकानातली गोष्ट आपल्याच बायकोला ठाऊक नाही, असं याआधी कधी झालंच नव्हतं. ज्ञानूतात्यांना बोलावलं, रतनबाई आल्या, रत्ना आली. रतनबाई सगळ्यांसमोर लेकीवर घसरल्या. “एवढं काय लपवायचंय म्हनून कुलूप घातलंस गं? चांगल्या घरच्या पोरीला काय झाकायचं असतंय?”

“आये,” रत्ना म्हणाली, “तुझ्या ट्रंकंला कुलूप हाय. आत काय हाय, म्या कवा इचारलं?”

रतनबाईंचा हात आपसूक गळ्यातल्या किल्लीवर गेला. ज्ञानूतात्यांनी बायकोकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनाही पडला नव्हता. आता पडला, आणि रतनबाईंनी किल्ली पदराआड सरकवली.

“आन् आमच्या टपालाचं काय?” कोंडिबांनी विचारलं.

“मी येऊन उघडून देत जाईन. ज्याचं त्याला.”

शनिवारी संध्याकाळी ती आली. बाक खचाखच भरला होता. मुलाचं उत्तर आलं असणार याची सगळ्यांना खात्री होती. रत्नानं रुकसानाला खुर्चीवरून उठवलं, टपाल उघडलं, वाचलं. बाकावरच्या माना एका वेळी लांब झाल्या. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

“काय म्हनतोय?” कोंडिबा.

“काका, तुमच्या पोराचं पत्र हाय. आत या.”

कोंडिबा आत गेले. मुलाचं पत्र एकट्यानं ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ. बाहेर आले तेव्हा बाकानं विचारलं, काय लिहिलंय? कोंडिबा घुटमळले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, “बरा हाय.” पप्पूचंही एक होतं. ते त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि “कंपनीचं हाय” एवढंच म्हणून मोटारसायकलकडं गेला. सगळ्या गावाचं टपाल वाटून झालं आणि कुणालाच कुणाचं काही कळलं नाही. अशी सुतकी संध्याकाळ त्या बाकानं पाहिली नव्हती.

मग रत्ना वडिलांपुढं आली.

“तात्या, उद्या ते कुठंबी जात न्हाईत. पुढच्या रविवारी घरच्यांना घिऊन हितं येत्यात. बोलनी तुमी करा. लग्न पुढच्या वैशाखात. तवर मी पुन्याला लॅबचा कोर्स करनार.”

“हे कुनी ठरवलं?” ज्ञानूतात्यांचा आवाज चढायला निघाला आणि मधेच अडकला, मुलगा हातचा गेला नव्हता, मग चिडायचं नक्की कशावर, हे त्यांना कळेना.

“आमी दोघांनी,” रत्ना म्हणाली आणि नळावर गेली. घागर भरायची होती.

ती गेल्यावर सगळा बाक रुकसानाकडं वळला. पोरीनं असं लिहिलं तरी काय, की चार दिवसांत मुलगा लग्न वर्षभर पुढं ढकलायला तयार झाला?

“ठाऊक न्हाई,” रुकसाना म्हणाली.

“भाबी!”

“खरंच न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसले होते.”

“आन् पासवर्ड? तो तरी?”

“तोबी न्हाई.”

कोंडिबा खदखदून हसले. आयुष्यभर त्यांनी बिनतिकिटाच्या प्रवाशांच्या सबबी ऐकल्या होत्या, पण इतकी कच्ची सबब कधी ऐकली नव्हती. रुकसाना, आणि पत्र वाचलं नाही! मुबारकही हसला. रात्री जेवताना त्यानं हळूच पुन्हा विचारून पाहिलं, “मला तरी सांग की.” रुकसानानं शपथ घेतली. त्यानं मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोडला. विश्वास ठेवला नाही. कुठल्याही दुकानदारावर विश्वास टाकणारा माणूस, आणि बायको एकदा खरं बोलली तर तिच्यावर नाही. तिला वाईट याचंच वाटलं की, त्याच्या जागी ती असती तर तिनंही ठेवला नसता.